सुगंधी कृत्रिम आमिष : वासाला मासा भुलतो की मासेमार?

निवांतकाठ (धागाकर्ता)

गोड्या पाण्यात गळ टाकण्याचा छंद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. सुरुवात गांडुळांपासून झाली, पुढे स्पिनर आणि स्पून ही धातूची चमकणारी आमिषे हाताळली, आणि आता मी बहुतांशी मऊ प्लास्टिकच्या अळ्यांवर स्थिरावलो आहे. या बदलामागे कोणताही उदात्त विचार नव्हता. पहाटेच्या अंधारात माती उकरण्याचा कंटाळा, एवढेच खरे कारण. गेल्या महिन्यात एका मित्राने सुगंधी अळ्यांची बरणी भेट दिली. झाकण उघडताच लसूण, बडीशेप आणि खराब झालेली कोळंबी यांचा असा काही एकत्रित भपकारा आला, की हे पाण्याखाली कोणाला तरी नक्कीच कळत असणार अशी माझी खात्री पटली. त्यानंतरच्या तीन फेऱ्यांत मला नेहमीपेक्षा जास्त मासे लागले. मात्र त्याच दिवसांत पाऊस पडून पाणी किंचित गढूळ झाले होते आणि आभाळही भरलेले होते, त्यामुळे श्रेय बरणीला द्यावे की ढगांना, हे मला ठरवता येत नाही.

जाणकारांना तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. वासामुळे मासा दुरून येतो, की आधीच जवळ आलेला मासा आमिष तोंडात जास्त वेळ धरतो? साध्या अळीला वासाचे तेल चोळले तर तोच परिणाम मिळतो का? आणि मी पकडलेले बहुतेक मासे परत सोडत असल्यामुळे, या आमिषाने त्यांना जास्त इजा होते का? तिसरी शंका उगाच आलेली नाही. त्या तीन फेऱ्यांतल्या दोन माशांनी गळ थेट घशापर्यंत नेला होता, आणि साध्या अळ्यांच्या बाबतीत माझ्याकडून असे क्वचितच घडले आहे.

गळबहाद्दर

मासे दुरून येतात की नाही हे मला सांगता येणार नाही, परंतु माणसे दूर जातात हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. माझ्या बरणीचे झाकण एकदा गाडीत सैल राहिले होते. त्यानंतर पंधरा दिवस माझ्याबरोबर कुठेही येण्याची तयारी घरातल्या कोणीही दाखवली नाही.

डोहकर

निवांतकाठ, आपला पहिला प्रश्न नेमका आहे, कारण आपण 'वास' हा एकच शब्द दोन वेगवेगळ्या इंद्रियांसाठी वापरत असतो. माशाच्या डोळ्यांपुढे नाकपुड्या असतात, पण त्यांचा श्वासाशी काहीही संबंध नसतो. पाणी पुढच्या छिद्रातून आत शिरते, आतल्या घडीदार पडद्यांवरून सरकते आणि मागच्या छिद्रातून बाहेर पडते. त्या पडद्यांना कळतात ती पाण्यात विरघळलेली द्रव्ये. आपल्या नाकाला झोंबणाऱ्या भपकाऱ्याशी माशाला काही कर्तव्य नसते, म्हणून बरणीला किती उग्र वास येतो यावरून तिची परीक्षा करू नये.

दुसरे इंद्रिय चवीचे, आणि ते माशांत तोंडापुरते मर्यादित नसते. कॅटफिशच्या मिशांवर, ओठांवर आणि सबंध अंगावर चवीच्या कळ्या पसरलेल्या असतात. उत्तर अमेरिकेतल्या चॅनेल कॅटफिशच्या बाबतीत त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. तो मासा म्हणजे पोहणारी जीभच म्हणायला हरकत नाही. या कळ्यांना फार तीव्रतेने जाणवतात ती अमिनो आम्ले, त्यातही ॲलनिन आणि आर्जिनिन. माशाच्या खाद्यातल्या किडामुंगीपासून लहान मासोळीपर्यंत सगळ्यांच्या अंगातून अशीच द्रव्ये पाण्यात झिरपतात, हे लक्षात घेतले तर त्यात नवल वाटायला नको.

आता अंतराचा हिशेब करू. अगदी निश्चल पाण्यात विरघळलेले एखादे द्रव्य नुसत्या विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत जाण्याने, सेंटिमीटरभर पुढे सरकायला दहा-बारा तास सहज घेते. त्यामुळे शांत तळ्यात पडून राहिलेली अळी दहा मीटरवरच्या माशाला हाक मारते, ही कल्पना सोडून दिलेली बरी. पाण्याला ओढ असेल किंवा वाऱ्याने ते ढवळले जात असेल, तरच वासाची शेपटी तयार होते, आणि नदीत तीही प्रवाहाच्या खालच्या बाजूलाच लांबते. म्हणून माझे मत असे, की सुगंधी आमिषाचे खरे काम शेवटच्या हातभर अंतरात आणि त्याहूनही जास्त माशाच्या तोंडात होते.

शंकासूर

डोहकरांनी सांगितलेले शरीरशास्त्र मला मान्य आहे. माझा आक्षेप मासेमाराच्या मनाविषयी आहे. ज्या आमिषावर आपला भरवसा बसतो ते आपण जास्त वेळ पाण्यात ठेवतो, अधिक सावकाश ओढतो आणि हमखास जागांवर टाकतो, आणि मग मासा लागला की बरणीला हात जोडतो. धागाकर्त्यांनी ढगांचा उल्लेख प्रामाणिकपणे केला म्हणून बरे झाले. बहुतेक जण तो करत नाहीत.

शिवाय सगळे मासे नाकाने शिकार करत नाहीत. बास, पाईक किंवा मरळ यांच्यासारखे भक्षक मासे झडप घालतात ती मुख्यतः हालचाल पाहून आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्यातली थरथर टिपून. झडप घालायची की नाही याचा निर्णय क्षणार्धात होतो. वेगाने ओढलेल्या स्पिनरला वास लावणे म्हणजे धावत्या बसला अत्तर चोळण्यासारखे आहे.

मिशाळ

शंकासूर, आपण दिवसाउजेडी आणि स्वच्छ पाण्यात गळ टाकणारे दिसता. मी रात्री, गढूळ पाण्यात आणि तळाशी टाकतो, आणि तिथे चित्र फार वेगळे असते. साधी प्लास्टिकची अळी तळावर ठेवली, की काठीच्या टोकाला एक बारीक टिचकी येते आणि मग सगळे शांत होते. माशाने ती तोंडात घेतली, चव पाहिली आणि थुंकून दिली, एवढाच त्याचा अर्थ. तीच अळी वासाची असली तर आधी दोन टिचक्या, मग थोडा थांबा आणि मग दोरी सावकाश एका बाजूला चालू लागते. बोटावर दोरी धरून बसणाऱ्याला हा फरक डोळे मिटूनही कळतो.

कार्प कुळातले मासे तर तळातला गाळ तोंडभर ओढून घेतात, टाळूवरच्या मांसल भागाने त्यातले खाण्याजोगे तेवढे अडवतात आणि बाकीचे बाहेर टाकतात. अशा चोखंदळ ग्राहकाला बेचव प्लास्टिक देऊन तो ते धरून ठेवील अशी अपेक्षा करणे हा भाबडेपणा झाला. त्यामुळे डोहकरांच्या 'तोंडात होते' या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे.

तरंगतीकाडी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझा एक अनुभव. साध्या अळ्यांवर मी वासाचे तेल चांगले चोळून घेतले होते. पहिल्याच फेकीनंतर अळी पाण्यात शिरली त्या जागी इंद्रधनुष्यासारखा एक तवंग उमटला, हळूहळू ताटाएवढा झाला आणि वाऱ्याबरोबर काठाकडे सरकत गवतात जाऊन अडकला. तिथे चार-दोन पाणकिडे त्यात अडकून धडपडत होते. खाली अळी आणि माझी आशा दोन्ही तळाशी, आणि वास मात्र माझ्याच बुटांपाशी. चार-पाच फेकींनंतर अळी हातात घेतली तेव्हा ती जवळपास धुतल्यासारखी होती. मी काही चुकीचे करत होतो का?

डोहकर

तरंगतीकाडी, चूक आपली नव्हे, तेलाची आहे. तेल पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे ते वर येते आणि तळाशी असलेल्या माशाला त्याचा पत्ताही लागत नाही. पाण्यात मिसळणारे जेल किंवा लेप वापरल्यास द्रव्य निदान माशाच्या पातळीवर तरी पसरते. तेलाचा उपयोग अगदीच नाही असे नाही. ते हाताचा वास झाकते आणि मऊ अळी गळावर चढवताना फाटू देत नाही.

यातच आणखी एक अडचण आहे. नेहमीची मऊ अळी पीव्हीसी आणि ते मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य यांची असते. पाणी तिच्यात मुरत नाही, म्हणून घडवतानाच आत घातलेला स्वादसुद्धा फार सावकाश बाहेर येतो. ही अडचण ओळखून काही कंपन्यांनी पाणी धरणाऱ्या आणि कालांतराने विघटन होणाऱ्या द्रव्यांची आमिषे आणली. बर्कलीचे 'गल्प' हे त्यातले सर्वांत परिचित नाव. ती वास लवकर सोडतात, पण त्यामुळेच लवकर रितीही होतात.

पाणवेल

थोडे मागे जाते, विषय सुटणार नाही याची हमी देते. मऊ प्लास्टिकची अळी १९४९ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन येथे निक क्रीम यांनी घरच्या स्वयंपाकघरात द्रव्ये शिजवून घडवली. म्हणजे आपण ज्या बरण्यांना स्वयंपाकघरातून हद्दपार केले जाते म्हणून हळहळतो, त्यांचा जन्म मुळात तिथलाच आहे.

वास लावण्याचा एक हेतू माशाला आकर्षित करण्याचा असतो, तर दुसरा नको असलेला वास झाकण्याचा. या दुसऱ्या हेतूला आधार आहे. १९५०च्या दशकात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर संशोधकांनी नदीतून वर चढणाऱ्या सामन माशांच्या वाटेत माणसाचे हात किंवा अस्वलाचा पंजा धुतलेले पाणी सोडून पाहिले. मासे बिचकले आणि काही काळ त्यांचे वर चढणे थांबले. पुढे हा परिणाम सस्तन प्राण्यांच्या त्वचेतून येणाऱ्या सेरिन या अमिनो आम्लाशी जोडला गेला. सगळे मासे असेच वागतात असा याचा अर्थ मुळीच नाही, पण पेट्रोल, डास पळवणारे मलम किंवा तंबाखू लागलेल्या हाताने आमिष हाताळू नये, एवढे मी तरी कटाक्षाने पाळते. काठावर पोहोचल्यावर मूठभर गाळाने हात चोळून धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

गळबहाद्दर

म्हणजे माझा हात आणि अस्वलाचा पंजा यांत सामन माशाला फरक वाटत नाही. घरच्यांचेही साधारण हेच मत आहे, फक्त त्यांनी त्यावर प्रयोग केलेला नाही.

काठावरची

वापरण्याआधी साठवण्याबद्दल कोणीतरी सांगायला हवे होते, ते मी माझ्या फजितीतून सांगते. वेगवेगळ्या प्रकारच्या अळ्या मी एकाच डब्यात नीट रंगवार लावून ठेवल्या होत्या. उन्हात दोन दिवस गाडीत राहिल्यावर डबा उघडला, तर पीव्हीसीच्या अळ्या आणि दुसऱ्या एका ताणल्या जाणाऱ्या रबरी द्रव्याच्या अळ्या एकमेकींत विरघळून त्यांचा एकच चिकट, जांभळट गोळा झाला होता आणि डब्याचा तळही त्याला धरून बसला होता. निरनिराळ्या द्रव्यांची आमिषे एकत्र ठेवू नयेत, हे पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि ते मी त्यानंतर वाचले.

पाणी धरणाऱ्या अळ्यांची तऱ्हा उलट. त्या त्यांच्या रसाबाहेर राहिल्या की आक्रसून सुपारीसारख्या कडक होतात. एकदा गळावरच राहिलेली अळी दुसऱ्या दिवशी मला पक्कड लावून काढावी लागली, आणि तिच्याबरोबर गळाचे टोकही गेले. फेरी संपली की त्या परत रसात बुडवून झाकण घट्ट लावावे. गळबहाद्दरांनी शेवटचे चार शब्द दोनदा वाचावेत.

नवशिका

एक भाबडा प्रश्न विचारतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पकडलेली लहान मासोळी ठेचून तिचा रस अळीला चोळला तर नैसर्गिक वास फुकटात मिळणार नाही का?

डोहकर

नवशिका, प्रश्न भाबडा नाही, पण उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली असे दाखवले, की मिनो या लहान माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरते आणि ते जाणवताच त्या जातीचे बाकीचे मासे घाबरून पांगतात. मधमाश्यांच्या अभ्यासासाठी १९७३ साली नोबेल मिळालेले फ्रिश ते हेच. कार्प आणि कॅटफिश ज्या मोठ्या गटात मोडतात त्या गटातल्या माशांत ही धोक्याची सूचना सर्रास आढळते. त्यामुळे कार्पला पकडायला कार्पच्याच पिलाचा रस चोळणे म्हणजे दारावर 'आत चोर आहे' अशी पाटी लावण्यासारखे ठरू शकते. भक्षक माशाचे गणित मात्र उलटे असू शकते, कारण घायाळ भक्ष्य हे त्याचे सोपे भोजन असते.

सोडूनदेणारा

आतापर्यंत चर्चा मासा कसा लागतो यावरच फिरली. धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न तसाच राहिला आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. या विषयावर नेमका अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये शिस्लर आणि बर्गरसन यांनी सुगंधी कृत्रिम आमिषावर पकडून सोडलेल्या रेनबो ट्राउट माशांचे पुढे काय होते हे तपासले आणि १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिसांच्या कृत्रिम माशीवर पकडलेल्यांपैकी ३.९ टक्के मासे मेले. सुगंधी आमिष सतत हलते ठेवून पकडलेल्यांपैकी २१.६ टक्के, आणि तेच आमिष सैल दोरीवर नुसते पडू देऊन पकडलेल्यांपैकी ३२.१ टक्के मासे मेले. दर तीन माशांमागे जवळजवळ एक, आणि तोही आपण मोठ्या समाधानाने सोडलेला.

कारण मिशाळ यांच्या अनुभवातच दडलेले आहे. ज्या गुणामुळे मासा आमिष थुंकत नाही, त्याच गुणामुळे तो ते गिळतो. दोरी 'सावकाश एका बाजूला चालू लागेपर्यंत' गळ बहुधा ओठ सोडून घशात किंवा कल्ल्यांच्या कमानीत जाऊन बसलेला असतो, आणि तिथे रक्तस्राव झाला की मासा पोहत गेलेला दिसला तरी वाचत नाही. निवांतकाठ, आपले ते दोन मासे याच हिशेबात बसतात. गळ खोल गेला असेल तर तो उपसून काढण्याच्या फंदात पडू नये; तोंडाजवळ दोरी कापून मासा सोडल्यास तो जगण्याची शक्यता वाढते, असेही त्याच अभ्यासात दिसून आले. पाणी उबदार असेल तर धोका आणखी वाढतो, म्हणून उन्हाळ्याच्या भर दुपारी सोडून देण्यासाठी मासे पकडणे मी बंदच केले आहे.

मिशाळ

सोडूनदेणारा, आकड्यांचा मी आदर करतो, पण ते ट्राउटचे आहेत, आणि ट्राउट हा तसा नाजूक मासा आहे. कॅटफिशला त्याच मापाने मोजू नये. शिवाय मी पकडलेला मासा घरी नेतो. जो मासा खायचाच आहे त्याच्या घशात गळ गेला काय आणि ओठात अडकला काय, फरक माझ्या पक्कडीला पडतो.

सोडूनदेणारा

मिशाळ, कॅटफिश चिवट असतो हे मान्य, आणि आपण खाण्यासाठी पकडता हेही मान्य. पण मापापेक्षा लहान म्हणून आपल्यालाही काही मासे सोडावे लागतच असतील, आणि घशात गळ नेण्याच्या बाबतीत लहान मासे मागे नसतात. तळाशी आमिष ठेवूनच बसायचे असेल तर टोक आत वळलेला गोल गळ वापरून पाहावा. दोरी चालू लागल्यावर काठीला झटका द्यायचा नाही, नुसती रीळ गुंडाळत दोरी ताठ करत जायची; गळ घशातून सरकत येऊन बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका देण्याची सवय मोडायला मला एक हंगाम लागला.

मिशाळ

झटका न देता मासा लागतो ही गोष्ट माझ्या हाताला पटवणे कठीण आहे, पण या शनिवारी एका काठीवर करून पाहतो.

पाणवेल

नियमांचा मुद्दाही इथेच सांगून टाकते, कारण 'कृत्रिम' या शब्दावर अनेकांची फसगत होते. ज्या पाण्यात फक्त कृत्रिम आमिषांना परवानगी असते, तिथे सुगंधी अळी चालेलच असे नाही. सोडूनदेणारा यांनी सांगितलेला अभ्यास ज्या कोलोरॅडोत झाला, तिथल्या नियमांत हाताने मळून आकार देता येणारे वासाचे किंवा चवीचे द्रव्य, वरून वास लावलेले कोणतेही आमिष, आणि साच्यात घडवलेली दीड इंचापेक्षा कमी लांबीची प्लास्टिकची आमिषे, हे सगळे 'कृत्रिम माशी व आमिष' या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेले आहे. इतर ठिकाणची व्याख्या वेगळी असू शकते, म्हणून बरणी पिशवीत टाकण्यापूर्वी त्या पाण्याचा नियम वाचावा. बरणीवर 'कृत्रिम' छापलेले आहे, हा युक्तिवाद तपासनिसापुढे टिकत नाही.

शंकासूर

चर्चा चांगली चालली आहे, पण माझा मूळ आक्षेप अजून उभाच आहे. धागाकर्त्यांनी साधी अळी आणि सुगंधी अळी यांची तुलना केली, तेव्हा त्यांनी फक्त वासाची तुलना केलेली नाही. सुगंधी अळ्यांत पुष्कळदा भरपूर मीठ असते, मिठाने वजन वाढते, आणि त्यामुळे अळी वेगळ्या गतीने आणि वेगळ्या डुलण्याने खाली जाते. मऊपणाही वेगळा असतो. मासा कशाला भुलला हे कसे ठरवणार?

खरी परीक्षा करायची असेल तर एकाच पाकिटातल्या साध्या अळ्या घ्याव्यात, निम्म्यांना पाण्यात मिसळणारा लेप लावावा, निम्म्यांना नुसते पाणी लावावे आणि दर अर्ध्या तासाने बदल करावा. कोणती अळी गळावर आहे हे टाकणाऱ्याला कळू नये म्हणून ती दुसऱ्याने लावून द्यावी. टिचक्या वेगळ्या मोजाव्यात, लागलेले मासे वेगळे मोजावेत आणि गळ कुठे बसला तेही लिहून ठेवावे. एवढे कोणी करील असे मला वाटत नाही.

निवांतकाठ

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण शंकासूरांचे शेवटचे वाक्य मी आव्हान म्हणून घेतले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे एकाच पाकिटातल्या अळ्या दोन डब्यांत ठेवल्या, एका डब्यातल्या अळ्यांना लेप लावला, आणि बरणी भेट देणाऱ्या मित्रालाच गळावर अळी लावून देण्याच्या कामाला बसवले. पाच फेऱ्या झाल्या. वहीतला हिशेब असा : टिचक्या दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच आल्या, लेपाच्या अळीवर एकतीस आणि साध्या अळीवर एकोणतीस. लागलेले मासे मात्र लेपाच्या अळीवर चौदा आणि साध्या अळीवर आठ. म्हणजे मासा येतो तो दोघींकडे, पण एकीपाशी जास्त रेंगाळतो. डोहकर आणि मिशाळ जे म्हणत होते तेच. अळी भराभर ओढली त्या वेळात मला काहीही फरक दिसला नाही, त्यामुळे शंकासूरांची धावती बसही बरोबर ठरली.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला नको होते तसे मिळाले. काठी हातात धरून अळी हलती ठेवली तेव्हा जवळजवळ प्रत्येक गळ ओठात किंवा जबड्यात बसला. दोनदा मात्र मी काठी फांदीच्या बेचक्यात टेकवून डबा उघडला, आणि दोन्ही वेळा गळ घशात गेला होता. दोन्ही वेळा लेपाची अळी होती. दोन्हींची दोरी तोंडाजवळ कापून सोडले. पहिला लगेच खोल गेला. दुसऱ्याला मी उथळ पाण्यात दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवले. त्याचे कल्ले उघडझाप करत होते, पण शेपटीला जोर नव्हता, आणि हळूहळू तो माझ्या तळहातांवर जड होत गेला. त्या दिवशी मी आणखी गळ टाकला नाही. आता वासाची अळी गळावर असेल तर काठी खाली ठेवायची नाही, आणि ठेवायचीच असेल तर सोडूनदेणारा यांनी सांगितलेला गोल गळ लावायचा, असे ठरवले आहे.

शंकासूर

निवांतकाठ, एवढे कष्ट घेतल्याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. पाच फेऱ्या तशा कमीच आहेत, पण त्याहून मोठी शंका वेगळी आहे. कोणती अळी गळावर आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते असे आपण म्हणता. बरणीच्या भपकाऱ्याचे जे वर्णन आपणच पहिल्या प्रतिसादात केले आहे, ते पाहता गळ फेकण्यापूर्वीच आपल्याला सगळे कळले नसेल का?

निवांतकाठ

पहिल्या तीन फेऱ्यांत मला कडकडीत सर्दी झाली होती. उरलेल्या दोन फेऱ्या आपण खुशाल वजा कराव्यात. तरीही हिशेब आठाला पाच असा उरतो.